विश्लेषण : पोप नाही, बिशपही नव्हता, मग चर्चचा कारभार पाहायचे कोण?

ख्रिस्ती धर्मसंस्था म्हटली की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच उतरंड येते. वर पोप, खाली बिशप, त्याखाली फादर आणि शेवटी रविवारी बाकावर बसणारा भाविक. रोमन कॅथलिक पंथापुरते हे चित्र बरोबर आहे. पण सोलापुरातल्या जुन्या मिशन शाळा, कोल्हापूरचे मिशन आणि मिरजेचे मिशन हॉस्पिटल हा वारसा या उतरंडीतून आलेला नाही. तो आला आहे बिशप न मानणाऱ्या प्रवाहांतून. प्रेसबिटेरियन परंपरा हा त्यांतला सर्वांत शिस्तबद्ध प्रवाह.

आज हे समजून घ्यायचे कारण सरळ आहे. मिशनऱ्यांनी उभ्या केलेल्या शाळा, वसतिगृहे, दवाखाने आणि चर्चच्या जागा आता शहरांच्या मध्यवस्तीत आल्या आहेत आणि त्यांची किंमत कोटींत गेली आहे. त्यांच्याबद्दल निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न राज्यात ठिकठिकाणी धर्मादाय कार्यालयांत आणि न्यायालयांत पोहोचला आहे. त्याचे उत्तर या परंपरेने पूर्वीच दिलेले आहे. ते विसरले जाते, ही खरी अडचण आहे.

‘प्रेसबिटेरियन’ म्हणजे काय?

‘प्रेसबिटेरॉस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ वडीलधारा माणूस. मराठी बायबलमध्ये यासाठी ‘वडील’ हाच शब्द आहे. ज्या चर्चचा कारभार निवडून आलेले वडील पाहतात, ते प्रेसबिटेरियन चर्च. म्हणजे या पंथाचे नाव संस्थापकावरून किंवा एखाद्या श्रद्धेवरून पडलेले नाही, ते कारभाराच्या पद्धतीवरून पडले आहे.

सोळाव्या शतकात जॉन कॅल्विन यांनी जिनिव्हात या पद्धतीची मांडणी केली. जॉन नॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५६० मध्ये स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणा घडवून आणली आणि पुढे हाच तिथला राष्ट्रीय पंथ झाला. स्कॉटलंडमधून तो अमेरिकेत, आणि दोन्हीकडून भारतात आला.

श्रद्धा काय सांगते?

मूळ श्रद्धा इतर प्रोटेस्टंटांसारखीच आहे. बायबल हा अंतिम आधार. तारण माणसाच्या पुण्याईने मिळत नाही, ते देवाच्या कृपेने आणि विश्वासाने मिळते. संस्कार दोनच : बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. लहान मुलांचा बाप्तिस्मा मान्य. सतराव्या शतकात तयार झालेला ‘वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार’ हा या पंथाचा प्रमुख दस्तऐवज.

यातल्या दोन गोष्टी कारभाराच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली, सार्वभौम फक्त देव. चर्चचा मस्तक ख्रिस्त, दुसरा कोणी नाही. दुसरी, प्रत्येक माणूस पापी आहे, आणि पाळकाच्या पदावर बसल्याने तो पापातून सुटत नाही. या दोन वाक्यांतून पुढचा निष्कर्ष आपोआप निघतो. सगळेच चुकू शकतात, तर कोणा एकाच्या हाती सगळा अधिकार देता येणार नाही. मतदान, समित्या, अपील हा सगळा डोलारा या श्रद्धेतून उभा राहिला. म्हणून या परंपरेत कारभार ही श्रद्धेपासून वेगळी, निव्वळ व्यवहाराची बाब मानली जात नाही.

कारभार कसा चालतो?

आपल्या पंचायत राज व्यवस्थेशी तुलना केली तर रचना लवकर समजते. सर्वांत खाली स्थानिक मंडळी, म्हणजे एका चर्चचे सभासद. ते आपल्यातून वडील निवडतात. पाळक आणि हे वडील मिळून ‘सेशन’ नावाची समिती बनते. सभासदांची नोंद, उपासनेची व्यवस्था, शिस्तीचे प्रश्न हे सगळे सेशनकडे.

एका परिसरातल्या मंडळ्यांची मिळून ‘प्रेसबिटरी’ होते. तिच्यात पाळक आणि निवडलेले वडील साधारण समसमान असतात. पाळकाला दीक्षा देणे, त्याची नेमणूक मान्य करणे, त्याच्याविरुद्धची तक्रार ऐकणे हे प्रेसबिटरीचे काम. इतर पंथांत जे बिशप करतो, ते इथे सभागृह करते. त्यावर ‘सिनड’ आणि सर्वांत वर ‘जनरल असेंब्ली’. असेंब्लीचा अध्यक्ष म्हणजे मॉडरेटर हा ठरावीक मुदतीचा सभापती. मुदत संपली की तो इतरांसारखाच साधा पाळक किंवा वडील.

गावच्या सेशनचा निर्णय पटला नाही तर प्रेसबिटरीकडे, तिथून सिनडकडे आणि तिथून असेंब्लीकडे अपील करता येते. मात्र जिल्हा परिषदेशी केलेली तुलना एका जागी थांबवायला हवी. वडील हा मतदारांचा केवळ वकील नसतो. त्याने स्वतःच्या विवेकाने मत द्यायचे असते. निवड खालून होते, पण उत्तर देवाला द्यायचे आहे, अशी ही भूमिका आहे.

१८४३ : मालमत्तेचा पहिला धडा

ही पद्धत महाराष्ट्रात आणणाऱ्यांत डॉ. जॉन विल्सन यांचे नाव अग्रभागी आहे. ते १८२९ मध्ये मुंबईत आले आणि १८३२ मध्ये त्यांनी शाळा काढली. आजच्या विल्सन कॉलेजचे मूळ तिथे आहे.

१८४३ मध्ये स्कॉटलंडमध्ये चर्च फुटले. वाद असा होता : गावच्या चर्चमध्ये पाळक कोण असावा हे जमीनदाराने ठरवायचे की मंडळीने? मंडळीचा हक्क मानणारे शेकडो पाळक सरकारमान्य चर्च सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापले. पगार, घर, चर्चची इमारत यांवर त्यांना पाणी सोडावे लागले. मुंबईत विल्सन फ्री चर्चच्या बाजूने गेले आणि त्यांनाही संस्थेची इमारत सोडून नव्याने सुरुवात करावी लागली.

तत्त्व एका बाजूला असू शकते आणि सातबारा दुसऱ्या बाजूला, हे तेव्हा पहिल्यांदा कळले. हा धडा पुढे पुन्हा गिरवावा लागणार होता.

सोलापूरशी संबंध काय?

इथे एक बारकावा सांगायला हवा. सोलापूरचे जुने मिशन सुरुवातीला प्रेसबिटेरियन नव्हते. १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने १८६० च्या दशकात सोलापुरात ठाणे केले. हे मिशन प्रामुख्याने ‘काँग्रिगेशनल’ विचाराचे. या विचारात प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र असते. वर अपील ऐकणारे सभागृह नसते. बिशप दोघांनाही नको, पण प्रेसबिटेरियनांना सभागृहांची साखळी हवी, काँग्रिगेशनलांना तीही नको.

या मिशनने सोलापुरात दिलेल्या गोष्टी शहराला ठाऊक आहेत. वोरोनोको ही मुलींची शाळा आणि मेरी हार्डिंग यांच्या नावाची बालवाडी ही त्यांतली ठळक नावे. बालवाडीची शिक्षिका प्रशिक्षित असली पाहिजे, ही कल्पना गिरणगाव म्हणून वाढणाऱ्या या शहरात हार्डिंग बालवाडीने रुजवली. तिथे शिक्षिकांचे प्रशिक्षणही चाले.

प्रेसबिटेरियन धागा सोलापूरला येऊन मिळाला तो १९२४ मध्ये. देशातल्या वेगवेगळ्या प्रेसबिटेरियन मिशनांच्या मंडळ्या १९०४ मध्येच ‘प्रेसबिटेरियन चर्च इन इंडिया’ म्हणून एकत्र आल्या होत्या. १९२४ मध्ये त्यांच्यात पश्चिम भारतातल्या काँग्रिगेशनल मंडळ्या सामील झाल्या आणि ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ तयार झाले. स्थानिक मंडळी, चर्च कौन्सिल, सिनड, जनरल असेंब्ली अशी त्याची रचना होती. नाव बदलले, सांगाडा प्रेसबिटेरियनच राहिला. अमेरिकन मराठी मिशनमधून उभ्या राहिलेल्या मंडळ्या या सांगाड्यात आल्या.

पगार कोणाचा, निर्णय कोणाचा?

कागदावरच्या रचनेत एक मोठी उणीव होती. मंडळी भारतीय, पण पैसा आणि जमीन मिशनची. मिशनचे निर्णय मिशनरी घेत. सभागृहात मत देणारा भारतीय पाळक पगारासाठी मिशनवर अवलंबून असे.

हा पेच सर्वांत ठळकपणे ज्यांनी मांडला ते रेव्हरंड नारायण वामन टिळक याच अमेरिकन मराठी मिशनचे. त्यांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. मराठी ख्रिस्ती माणसाने आपले चर्च आपल्या बळावर आणि आपल्या भाषेत उभे करावे, ही त्यांची धारणा होती. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते गेले. पण ज्याच्या हाती हिशेब त्याच्या हाती सत्ता, हे त्यांनी ओळखले होते. मिशनरी परत गेल्यावर सत्ता मंडळीकडे येईल, असे पुढच्या पिढीला वाटले. प्रत्यक्षात ती विश्वस्त मंडळांकडे आणि पदाधिकाऱ्यांकडे गेली.

सेवाकार्य : मिरजेचे उदाहरण

शिक्षण आणि आरोग्य ही या परंपरेची सर्वसामान्यांना माहीत असलेली बाजू. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये आले; १८७० मध्ये त्यांचे काम अमेरिकेच्या प्रेसबिटेरियन मिशनने हाती घेतले. या मिशनमध्ये १८८९ साली आलेल्या डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले आणि १८९७ मध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू केले. दक्षिण महाराष्ट्रातल्या कित्येक कुटुंबांत ‘मिरजेला नेले’ याचा अर्थ ‘शेवटचा उपाय केला’ असा होता. बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग १९२७ मध्ये पंढरपूरहून सांगोल्यामार्गे मिरजेपर्यंत गेला, तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या रुग्णालाही मिरज जवळ आले. आज मिरज ‘आरोग्यपंढरी’ म्हणून ओळखली जाते, त्याचा पाया या रुग्णालयाने घातला. कोकणात वेंगुर्ल्याला याच मिशनचे सेंट ल्यूक्स रुग्णालय उभे राहिले.

या संस्था फक्त ख्रिस्ती लोकांसाठी कधीच नव्हत्या. तिथे शिकणारे आणि उपचार घेणारे बहुसंख्य इतर धर्मांचे होते. म्हणून त्यांचे काय होते, हा एका समाजाचा घरगुती प्रश्न उरत नाही. मिरजेचे हे रुग्णालय गेल्या काही वर्षांत आर्थिक अडचणींमुळे बातम्यांत आले, तेव्हा हळहळ सगळ्यांनाच वाटली.

१९७० : बिशप आले

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ म्हणजे सीएनआय स्थापन झाले. युनायटेड चर्च, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट असे सहा प्रवाह एकत्र आले. फाटाफुटीचा इतिहास असलेल्या प्रोटेस्टंटांसाठी ही मोठी घटना होती.

ऐक्यासाठी तडजोड झाली. अँग्लिकनांकडून बिशपपद आले. प्रेसबिटेरियनांकडून सभागृहे आली. काँग्रिगेशनलांकडून स्थानिक मंडळीचा मान आला. बिशप असेल, पण तो घटनेने बांधलेला असेल. खाली निवडून आलेली पास्टोरेट कमिटी, मध्ये धर्मप्रांताची कौन्सिल, वर सिनड. कागदावर ही रचना समतोल आहे.

ईशान्येत चित्र वेगळे राहिले. मिझोराम आणि मेघालयात वेल्श मिशनऱ्यांच्या कामातून वाढलेले ‘प्रेसबिटेरियन चर्च ऑफ इंडिया’ आजही त्याच नावाने आणि बिशपाशिवाय चालते. आपल्याकडे नाव गेले. प्रश्न असा की सवयही गेली का?

२०१३ : न्यायालयाने काय सांगितले?

ऐक्याचा ठराव झाला म्हणजे मालमत्ताही नव्या चर्चची झाली, असे चार दशके गृहीत धरले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात या गृहीतकाला धक्का दिला. तिथले ‘फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रदरन’ सीएनआयमध्ये विलीन झाल्याचा दावा होता. न्यायालयाने म्हटले, हा नोंदणीकृत सार्वजनिक न्यास आहे. विलीनीकरणासाठी संस्था नोंदणी कायद्याची आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याची प्रक्रिया पार पाडली पाहिजे. नुसत्या ठरावाने मालमत्ता दुसऱ्याकडे जात नाही.

ब्रदरन हा प्रेसबिटेरियन पंथ नव्हे. पण ऐक्य तेच आणि कायदाही मूळचा तोच, १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम. आपल्या राज्यात आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. मिशनच्या काळातल्या जागा आजही निरनिराळ्या न्यासांच्या नावावर आहेत. चर्च एकत्र आले, न्यास वेगवेगळे राहिले. मंडळी एकीकडे आणि विश्वस्त दुसरीकडे, अशी स्थिती त्यातून तयार होते. १८४३ चाच पेच, फक्त आता धर्मादाय आयुक्तांसमोर.

कायदा सभासदाला काय देतो?

या कायद्यातल्या तीन गोष्टी कोणत्याही न्यासाच्या सभासदाने लक्षात ठेवाव्यात. विश्वस्त बदलले की कलम २२ नुसार बदल अर्ज द्यावा लागतो आणि त्यावर हरकत घेता येते. न्यासाच्या हिशेबांचे दरवर्षी लेखापरीक्षण करावे लागते. आणि कलम ३६ नुसार स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी, बक्षीस देण्यापूर्वी किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने देण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते. न्यासात हितसंबंध असलेल्या व्यक्तीला अशा प्रकरणात आपले म्हणणे मांडता येते.

पण कायदा जागा असून भागत नाही, सभासद जागा हवा. बदल अर्जावर कोणी हरकतच घेतली नाही, तर तो मंजूर होणारच.

निवडणुकीनेच भांडणे वाढतात का?

याविरुद्ध एक आक्षेप नेहमी ऐकू येतो आणि तो पोकळ नाही. निवडणूक आली की गट पडतात, जुनी घराणी विरुद्ध नवी अशी ओढाताण होते, प्रार्थनेच्या जागी पॅनेल उभे राहते. त्यापेक्षा एक सक्षम बिशप किंवा पाळक निर्णय घेईल तर कामे लवकर होतील, असे अनेक श्रद्धावान लोक मनापासून म्हणतात. सहकारी संस्थांचे राजकारण जवळून पाहिलेल्या सोलापूरकराला हे पटणे स्वाभाविक आहे.

पण सहकारातला अनुभव नीट पाहिला तर धडा उलटा निघतो. संस्था बुडतात त्या मतदानामुळे नाही. मतदार यादी एका खिशात, हिशेब दुसऱ्या कपाटात आणि सर्वसाधारण सभा कोरमअभावी अर्ध्या तासाने पुन्हा, असे झाले की त्या बुडतात. एकहाती निर्णय लवकर होतो, तसा चुकीचा निर्णयही लवकर होतो, आणि विकलेली जागा परत येत नाही. प्रेसबिटेरियन परंपरेला संथपणा मान्य आहे तो यासाठीच.

दुसरा आक्षेप असा की बाहेरच्यांनी यात बोलू नये. उपासना कशी करावी, पाळक कोण असावा यात खरोखरच बोलू नये. पण शाळा आणि रुग्णालय चालवणारा न्यास हा सार्वजनिक न्यास आहे. तिथे शिकलेल्या, बरे झालेल्या प्रत्येकाचा त्याच्याशी संबंध आहे. हीच अपेक्षा देवस्थानांकडून, वक्फकडून आणि शिक्षण संस्थांकडूनही ठेवायची असते. एकालाच वेगळा न्याय नको.

काय करता येईल?

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. मंडळीची मतदार यादी निवडणुकीच्या आधी पुरेसे दिवस चर्चच्या फलकावर लागावी. वार्षिक ताळेबंद मराठीत आणि सगळ्यांना समजेल असा वाचून दाखवावा. चर्चची घटना इंग्रजीत कपाटात ठेवण्याऐवजी मराठीत सभासदांच्या हाती असावी. ज्या मिशनने १८४२ मध्ये मराठीत ‘ज्ञानोदय’ काढले, त्याच्या वारसांना हे जड जाऊ नये. मालमत्तेचा कोणताही व्यवहार आधी सर्वसाधारण सभेत यावा, मग विश्वस्तांकडे. आणि वडिलांच्या निवडीत बायका आणि तरुण नुसते मतदार न राहता उमेदवारही असावेत.

यातली प्रत्येक गोष्ट या परंपरेच्या मूळ श्रद्धेत बसते. माणूस चुकतो, म्हणून त्याला विचारणारे कोणी हवे, इतकीच ती श्रद्धा आहे. पाळकाचा आदर करणे आणि पाळकाला हिशेब मागणे यांत तिला विरोध दिसत नाही. सोलापूरच्या आणि मिरजेच्या संस्था मिशनऱ्यांच्या पैशावर उभ्या राहिल्या हे खरे. मात्र त्या पुढे टिकतील की नाही, हे वार्षिक सभेला किती सभासद येतात आणि आल्यावर किती जण तोंड उघडतात यावर ठरेल.